ज्या दिवशी ऐंशी होते

प्रिय संघप्रिया,

कागद नव्या वहीतला आहे, हात धुऊनच लिहायला बसलोय आणि सिस्टरांना विचारून आत पाठवतोय. तेव्हा हात लावायला भिऊ नकोस. रोज दाराच्या काचेतून दिसतो, फोनवर बोलतो, मग हे पत्र कशाला, असं तुला वाटेल. कालपासून तीनदा फोन हातात घेतला आणि तीनदा ठेवला. तोंडाने नाही जमत.

आधी आजचा रिपोर्ट. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या त्या पेशी, अकराशे चाळीस. काल सातशे साठ होते. संध्याकाळपासून मला मास्क लावून आत यायला परवानगी मिळाली आहे. सोमवारी बोनमॅरो तपासतील, आजार गेला की नाही ते त्यानंतरच कळेल. त्यापेक्षा जास्त मी सांगत नाही, कारण डॉक्टरही सांगत नाहीत. पहिल्याच दिवशी तू माझ्याकडून वचन घेतलं होतंस, “आकडा खरा सांगजा.” अंगणवाडीत रोज पोरांची वजनं लिहिणारी तू, तुला आकड्यांत फसवणं शक्यही नव्हतं.

सावली गावच्या दवाखान्यात आपण पहिला रिपोर्ट हातात घेतला तो दिवस आठवतो? पांढऱ्या पेशी ब्याण्णव हजार. तू म्हणालीस, “एवढ्या आहेत तं ताप काऊन उतरत नाई?” चंद्रपूरला आल्यावर डॉक्टरांनी समजावलं, की पेशी पुष्कळ आहेत, पण साऱ्या कच्च्या, जंतूंशी लढणं त्यांना येतच नाही. त्या मारायच्या तर औषध चांगल्या पेशींनाही सोडत नाही. मग तीन आठवडे अंगात काहीच उरणार नाही, साधा खोकलाही जिवावर बेतेल. मी त्या वेळी मान हलवली होती. समजलं मात्र औषध सुरू झाल्यापासून बाराव्या दिवशी.

बाराव्या दिवशी तुझे न्यूट्रोफिल ऐंशी होते. त्याच दुपारी तुझी आई चामोर्शीहून एसटीने आली. एकटी. कुणाला न सांगता. हे मी तुला सांगितलं नाही. दवाखान्याच्या फाटकाशी उभी होती, पदर तोंडाला लावून खोकत होती. म्हणाली, “जवाईबापू, दारातून तोंड पाह्यतो न् परत जातो.” मी सिस्टरांना विचारायलाही वर गेलो नाही. विचारलं असतं आणि त्यांनी काचेपर्यंत येऊ दिलं असतं, तर त्याच पॅसेजमधून मला, सिस्टरांना, मग तुला... एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं. मी फाटकातच आडवा उभा राहिलो. म्हटलं, “आई, आज नाही. तिचे ऐंशीच आहेत.” तिने विचारलं, “ऐंशी म्हणजे कमी असते का जी?” मी म्हटलं, दीड-दोन हजार तरी पाहिजेत. मी व्हिडिओ कॉल लावतो म्हटलं, तर माझा हात धरला. “नको. मले खोकताना पाह्यलं तं रडंल ते.”

मी तिला मागच्या अंगणात नेऊन तुझी खिडकी दाखवली. तिसरा मजला, डावीकडून चौथी. तुला प्लेटलेट्स चालू होत्या, तू झोपली होतीस. मी फोन करून तुला उठवू शकलो असतो. नाही उठवलं. ती बराच वेळ मान वर करून उभी होती. मग मी तिला तिथल्याच डॉक्टरांना दाखवू म्हणालो, तर “औषध घेतलं आहे गावात” म्हणाली आणि पाचची बस पकडली. मी धरून न्यायला पाहिजे होतं. नाही नेलं. माझं सारं ध्यान वर होतं.

सोळाव्या दिवशी तुला एकशे तीन ताप भरला. कापरं भरलं होतं, तू मला ओळखत नव्हतीस. तीन दिवस डॉक्टर जंतुसंसर्ग किती ते कळायला रक्तातलं सीआरपी पाहत होते आणि मी त्यांचा चेहरा. त्याच तीन दिवसांत रोशनीचे चामोर्शीहून फोन येत होते. तुझी बहीण एकटी तिकडे, मी एकटा इकडे. मी उचलत होतो, “नंतर बोलतो” म्हणत होतो.

शुद्धीवर आल्यावर तू आईला फोन लावायला सांगितलंस. मी म्हटलं, तिचा आवाज बसलाय. मग म्हटलं, रेंज नाही. मग म्हटलं, मोबाइल बिघडला. काल तू काचेजवळ येऊन विचारलंस, “आई रागावली का जी माझ्यावर?” आणि मी हसून “काहीतरीच काय” म्हणालो. रात्रभर तो प्रश्न कानातून गेला नाही. तुला तसं वाटत राहिलं तर ते माझं पाप आहे, तिचं नाही.

संघप्रिया, आई गेली. न्यूमोनियाने, तुझ्या एकोणिसाव्या दिवशी. आज दहा दिवस झाले. रोशनीने सगळं केलं, मी तिला सांगितलं होतं की ताईला कळवायचं नाही. डॉक्टर म्हणतात, त्या दिवशी तिला अडवलं ते बरोबरच होतं. मला माहीत नाही. मी तुला वाचवलं असेन, पण तुमची शेवटची भेट मीच मोडली, आणि हे तू दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायला नको. ती रागावलेली नव्हती. फाटकावरून गेल्यापासून रोज सकाळी रोशनीला माझ्याकडे मेसेज करायला लावायची, आज किती म्हणून. शेवटच्या सकाळी तुझे दोनशे दहा होते. रोशनीने तिला वाचून दाखवलं. श्वास लागला होता, तरी म्हणाली, “चढून राह्यलं ना?” त्यानंतर ती बोलली नाही. मी दाराबाहेर आहे. तुला मला आत घ्यायचं नसेल, तर आज नको घेऊस.

तुझाच,
आदेश