पाश्कचा उजवा हात

१२ सप्टेंबर

ओठाला तीन टाके! माझे मीच घातले, आरशात बघून. तरी आज मी खूश आहे.

पाश्क टेबलावर पालथा पडला होता, खांद्यात अकरा सुया. तसाच झोपला आणि घोरायला लागला. सुया काढताना मानेला माझा हात लागला मात्र, ओरडतच उठला. उजवा हात गर्रकन वर गेला आणि सणसणीत माझ्या तोंडावर बसला. उजवा! सहा वर्षं छातीच्या वर न जाणारा. राजधानीतले दोन प्राध्यापक ज्याच्यापुढे हरले, तोच.

रक्त पुसत पुसतच व्हरांड्यात गेले. त्याचा काका लुलाश बाकावर बसला होता. सहा वर्षं पुतण्याला डॉक्टरांकडे फिरवतोय. सगळ्या पेशंटांदेखत त्याला सांगितलं — हात मोकळा झाला, हे बघा, माझ्यावरच चालवला! लुलाशनं छातीवर हात ठेवून मान लववली. खूप वेळ.

बावीस वर्षांची डॉक्टरकी माझी. सुया टोचते, पाठीवर पेले लावते म्हणून जिल्ह्याच्या इस्पितळातले मला वैदूबाई म्हणतात. म्हणा म्हणावं आता!

१३ सप्टेंबर

ओठ सुजलाय. बोलता येत नाही. पेशंट सुखात आहेत.

१६ सप्टेंबर

पाश्कची बायको दिला आली. आल्या आल्या स्पिरिटची बाटली उचलून भिंतीवर फोडली. मग काचांतच खाली बसली.

शनिवारी कॉफीच्या दुकानात लुलाशनं पाश्कला कॉफी दिली — स्वतःचा गुडघा उचलून, त्याच्याखालून. सगळं गाव बघत होतं. भावाचं रक्त, म्हणजे त्याच्या खुनाचा सूड, न घेतलेल्याला आमच्या डोंगरात कॉफी अशीच देतात, अपमान म्हणून. सहा वर्षं कुणी दिली नव्हती, कारण हात दुखत होता. दुखणाईताला कुणी काही विचारत नाही. पाश्कनं ती मुकाट्यानं प्यायली. मग लुलाशनं कमरेचा पट्टा काढला आणि तिथंच त्याला फोडून काढलं.

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं एवढं हुशार व्हायला?" दिला म्हणाली.

मला कळायला हवं होतं. सहा वर्षांपूर्वी पाटाच्या पाण्यावरून वुक्साननं पाश्कच्या भावाला गोळी घालून मारलं, ते साऱ्या खोऱ्याला ठाऊक आहे. मला तर जास्तच, कारण वुक्सानही माझाच पेशंट. त्याचं अर्धं डोकं दुखतं. सूडाच्या भीतीनं सहा वर्षं उंबऱ्याबाहेर पाऊल नाही, म्हणून सुया टोचायला मी त्याच्या घरी जाते. दोघांचे कागद माझ्या एकाच कपाटात आहेत. मी दुखणी बघत बसले. लाज वाटते लिहायला.

१७ सप्टेंबर

लुलाशकडे जाऊन खोटं बोलले. झोपेत स्नायू आपोआप उडतात, जागेपणी हात अजून तसाच आहे, दोन-तीन वर्षं तरी लागतील. त्यानं राकीची दारू ओतली, चीज कापलं, सगळं ऐकून घेतलं.

"डॉक्टरीणबाई, त्या दिवशी तुमचा ओठ फाटला होता आणि तुम्ही हसत होता. ते खरं होतं," म्हणाला.

राकी तशीच ठेवून उठले.

१९ सप्टेंबर

वुक्सानकडे गेले. माझा भाऊ टोनीन नेहमीसारखा गाडीनं सोडायला आला. घरात आम्ही दोघंच, त्यामुळे लग्न कर म्हणून मी, आणि तूच कर म्हणून तो, असं रस्ताभर चाललेलं असतं.

वुक्साननं सुया टोचू दिल्या नाहीत. पाश्क बरा झाला म्हणतात, ते खरं का, एवढंच विचारलं. त्यानं आपला हात हळूहळू वर नेला. छातीपर्यंत, मग खांद्यापर्यंत, मग डोळ्यासमोर धरला, बंदुकीला धरतात तसा. "इथपर्यंत जातो?"

मी मान खाली घातली. त्यानं माझी सुयांची पेटी खिडकीबाहेर भिरकावली. मी अंगणात गुडघ्यांवर बसून सुया गोळा करत होते आणि आत तो भिंतीवर डोकं आपटत होता. त्याची आई त्याला धरायला धावली, तर तिलाही त्यानं ढकललं.

२३ सप्टेंबर

पाश्क आला, पाठ सोललेली. चुलतभाऊ त्याला रोज परड्यात उभा करतात आणि हातात बंदूक देतात. नळी खाली आली की पट्टा. पाठीला सदरा चिकटला होता, पाणी लावून लावून सोडवला.

त्याला विचारलं, सहा वर्षं खरंच दुखत होतं का. "खरंच दुखत होतं," म्हणाला. "तुमच्या सुयांनी कमी व्हायला लागलं तेव्हाच पळून जायला हवं होतं. पण झोप लागायची हो मला इथं."

मग मुद्द्यावर आला. हात त्यानं स्वतः तोडला तर भित्रा ठरेल, आणि बंदूक डाव्या हातात देतील. डॉक्टरच्या चुकीनं गेला तर पुन्हा दुखणाईत. सूड सख्ख्या भावानंच घ्यायचा असतो, आणि सख्खा भाऊ तो एकटाच उरलाय. तो गेला बाजूला तर वुक्सान जगेल, आणि पाश्कलाही खुनी व्हावं लागणार नाही.

"तुम्ही दिलात, तुम्हीच काढून घ्या."

त्याला हाकलून दिलं.

२४ सप्टेंबर

नाही. मी डॉक्टर आहे.

२६ सप्टेंबर

काल भरदुपारी चुलतभावांनी पाश्कला बंदूक देऊन वुक्सानच्या घरासमोर उभा केला. पाश्कनं मुद्दाम खिडकीच्या चौकटीवर गोळी झाडली. काच फुटून वुक्सानच्या गालात घुसली. सात तुकडे काढले, एक डोळ्याच्या अगदी खाली. तो हूं की चूं करत नव्हता. त्याची आई मात्र माझ्याकडे बघत होती.

पुढच्या खेपेला चुलतभाऊ पाश्कचा हात धरून नेम धरणार आहेत. तसं कॉफीच्या दुकानात बोललंही गेलंय.

२७ सप्टेंबर

केलं.

कर्करोगाच्या माणसाला शेवटी काहीच लागू पडेना की दुखऱ्या नसेत अल्कोहोल सोडून ती मारतात. आयुष्यात चारदा केलंय, चारही जण दुवा देत गेले. आज धडधाकट माणसाला केलं. काखेत सुई घातली तेव्हा पाश्कनं तोंडात टॉवेल कोंबला होता. किंचाळला तरीही. मग बोटं सैल पडली आणि तो हसला!

कागदावर लिहिलं — उपचार करताना डॉक्टरच्या निष्काळजीपणामुळे नस कायमची निकामी. खाली माझी सही. परवाना जाणार. इस्पितळातले टाळ्या पिटतील. जाऊ दे. दोन माणसं वाचली.

३० सप्टेंबर

चार पेशंट आले होते. सुयांची पेटी बघून चौघंही परत गेले. बरोबरच आहे त्यांचं. दुपारी दिलानं मक्याची भाकरी पाठवली, गरम. निरोप काही नाही.

३ ऑक्टोबर

लुलाश आला. टोपी काढली, बसला नाही. आवाज अगदी मऊ होता.

"आमच्या घरचा एक हात गेला, डॉक्टरीणबाई. तुम्ही मुद्दाम केलं नाही, ठाऊक आहे. पण खुनाला पूर्ण रक्त, तसं जखमेला अर्धं; ते द्यावंच लागतं. बायकांकडे आम्ही मागत नाही. तुमच्या घरात पुरुष कोण?"

टोनीन अंगणात गाडी धूत होता. लुलाश वळणापलीकडे जाईपर्यंत थांबले, मग त्याला आत बोलावलं आणि खिडक्या लावून घेतल्या.