पगडीचं दुसरं टोक

प्रिय उशीरबाई,

आजचं कॉलेज सोडलं, पण तुझ्यावरचा संशय सुटला नाही. तू वर्गात रोज उशिरा येतेस, म्हणजे कुणीतरी असणार, असं डोक्यात घेऊन आज सकाळी तडक तुझ्या घरात घुसलो.

"कोण आहे तो?"

खोलीभर निळं कापड ताणलेलं होतं. एक टोक तुझ्या वडिलांकडे, दुसरं तुझ्याकडे. तू दचकलीस, कापड सुटलं आणि माझा चिखलाचा बूट थेट त्यावर, त्यांच्या न बांधलेल्या पगडीवर पडला.

"हाच तो," वडिलांकडे बोट दाखवून तू म्हणालीस. "रोज सकाळी याच्या पगडीसाठीच थांबते. झालं समाधान?"

वडिलांनी कपाटातून दुसरी पगडी काढली, टोक माझ्यापुढे धरलं. "बूट काढ बेटा, आणि ताणून धर."

मी पळालो. दोन वर्षं तुझ्यामागे फिरलो, पण तुम्हा शिखांकडे पगडी कशी बांधतात, हे एकदाही विचारलं नाही. हे पत्र टाकायचंही धाडस नाही. ते पुढे केलेलं टोक डोळ्यांपुढून हलत नाही.

तुझा म्हणवत नाही,
बूटवाला