विषाणूचं बटण

४ सप्टेंबर

चि. सूनबाईस अनेक आशीर्वाद,

फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तुझ्या सासूबाई बोलू देत नाहीत, म्हणून कागद घेतला. त्या शेजारी गेल्या आहेत, तेवढ्यात लिहून टाकतो.

थंडी जवळ आली. डॉक्टरांनी आम्हा दोघांना फ्लूची लस घ्यायला सांगितलं. मी लगेच बाही वर केली. ही म्हणाली की गेल्या वर्षी टोचून घेतलं, तरी दवाखान्यात पडायचं ते पडलेच. आता पुन्हा फसायची नाही. डॉक्टर हसले, पण मला बाहेर गाठून म्हणाले की हिची फुफ्फुसं अजून सावरलेली नाहीत, असा आणखी एक फटका झेपायचा नाही. हे मी तिला बोललेलो नाही, तूही बोलू नकोस. जन्मभर लोकांचे कोट शिवले तिने. आता खिडकीजवळचं मशीन झाकलेलंच असतं. जिन्याच्या वळणावर कठडा धरून थांबते आणि विचारलं तर सांगते की भिंतीचा रंग कुठे उडालाय ते बघतेय.

तू फ्लूच्याच कामात आहेस. तिला पटेल असं काहीतरी लिही. मी पटवायला गेलो की ती उलट्या दिशेला चालू लागते, हे तुला माहीत आहे. आमच्या चिरंजीवांची खुशालीही तूच कळव. ते स्वतः लिहितील ही आशा मी सोडली आहे.

लोभ आहेच, कमी पडला तर मागून घे.

तुझे,
बाबा


१३ सप्टेंबर

ती. आईंस आणि बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचे चिरंजीव मजेत आहेत. काल त्यांनी स्वतः इस्त्री केली आणि शर्टावर तिची कायमची आठवण ठेवली.

आई, बाबांकडून लसीचं कळलं. तुमचा राग रास्त आहे. तुम्हीच शिवणकामातल्या, म्हणून तुमच्याच भाषेत सांगते. फ्लूचा विषाणू म्हणजे अंगभर बटणं लावलेला कोट घालून फिरणारा भामटा. ती बटणं प्रथिनांची असतात आणि त्यांच्याच जोरावर तो आपल्या पेशींना चिकटतो. लस आपल्या रक्ताला ती बटणं ओळखायला शिकवते. पण हा लबाड दर वर्षी बटणं थोडी बदलतो. येत्या थंडीत तो कुठली लावून येईल याचा अंदाज आधीच बांधावा लागतो, आणि अंदाज कधी चुकतो. अंदाज बरोबर असूनही काहींचं रक्त शिकायला कंटाळा करतं. तरीही लस घेतलेल्या माणसाचा आजार बहुधा थोडक्यात आवरतो. बहुधा म्हणते, कारण खात्री देणं मला जमायचं नाही.

आम्ही प्रयोगशाळेत नुसतं ते बटण बनवतो. एका पतंगाच्या अळीपासून वाढवलेल्या पेशी आहेत, त्यांना बटणाची कृती द्यायची आणि काचेच्या चंबूत हलवत ठेवायचं. त्या बटणं बनवून भोवतीच्या पाण्यात सोडतात. ती गोळा करून आम्ही बघतो की कुणाचं रक्त त्यांना ओळखतं आणि कुणाचं नाही. सगळा विषाणू नसल्याने बटणापासून आजार होत नाही, तेव्हा काळजी नसावी.

बाकी माझ्या पांढऱ्या कोटाचं खरंखुरं बटण तुटलंय. पिन लावून हिंडते आहे. तुम्ही पाहिलंत तर ओरडाल.

आशीर्वाद असू द्यावा, आणि ओरडाही.

आपली,
सूनबाई


२२ सप्टेंबर

चि. सूनबाईस अनेक आशीर्वाद,

तुझं पत्र मी मोठ्याने वाचलं. अळीपाशी आल्यावर सासूबाईंनी पुन्हा वाचायला लावलं. मग चहा ठेवायला उठल्या, म्हणून मला वाटलं गड सर झाला. कसला! चहा ठेवता ठेवता म्हणाल्या की नुसती बटणं बदलली तर माणूस ओळखू येत नाही, असलं रक्त काय कामाचं? आणि वर फर्मान काढलं की सुनेने स्वतः बनवलेली लस असेल तर घेईन, परक्याच्या हातची नको.

तेव्हा तुझीच एक बाटली पाठवून दे आणि मला मोकळं कर. खोकला पुन्हा सुरू झाला आहे. साधाच आहे, असं ती म्हणते.

इकडे लक्ष असू दे.

बाबा


५ ऑक्टोबर

ती. आईंस आणि बाबांस,
सा. न. वि. वि.

आई, मी बनवते ते कुणाला टोचायचं नसतंच, ते फक्त तपासणीसाठी. तुमचं मन राखायला हो म्हणून टाकावं असं क्षणभर वाटलं, पण तुमच्याशी खोटं बोलून मी घरात कुठल्या तोंडाने येऊ?

शिवाय सध्या माझ्याकडे थेंबभरही नाही. कित्येक आठवड्यांची मेहनत मी परवा मोरीत ओतली. झालं असं की आधीच्या कामात प्रथिन पेशींच्या आतच राहायचं. चंबूतलं सगळं यंत्रात गरागरा फिरवलं की पेशी तळाशी बसतात, वरचं पाणी टाकायचं आणि पेशी ठेवायच्या. हात त्यालाच सरावलेला. या वेळी बटणं पाण्यात होती. मी पाणी टाकलं आणि निगुतीने पेशी जपून ठेवल्या. चहा गाळून चहा मोरीत ओतावा आणि चोथा कपात घेऊन बसावं, तसं! आमच्या मुख्य बाईंना लगेच सांगितलं. त्या डोळे मिटून बसल्या, मग म्हणाल्या, पुन्हा लावा. लावलं आहे.

अडचण दुसरीच आहे. तुमच्या गावचं मोठं रुग्णालयही या कामात आहे. तिथे लस घेण्याआधी आणि घेतल्यावर ज्येष्ठांचं रक्त घेऊन आमच्याकडे तपासायला पाठवणार आहेत. गेल्या वर्षी लस घेऊनही जे आजारी पडले, त्यांचं रक्त सगळ्यात मोलाचं, कारण चूक कुठे झाली ते त्यांच्याकडूनच कळणार. आणि नेमकी तीच माणसं रागावून नावं मागे घेत आहेत. मी तुम्हाला गळ घालत नाही, मनातलं लिहिलं इतकंच.

खोकल्याचं खरं काय ते कळवावं. माया आहेच, ती राहू द्यावी.

सूनबाई


१२ ऑक्टोबर

चि. सूनबाईस आशीर्वाद,

या खेपेला मीच लिहिते आहे. तुझे बाबा मधलं गाळून वाचतात असा मला संशय आहे.

चोथ्याचं वाचून मी इतकी हसले की खोकला लागला, आणि ह्यांनी घाबरून पाणी माझ्या अंगावर सांडलं. हुशार म्हणून सून केली, आणि तिने चहा मोरीत ओतला! बरं झालं, आता माझ्यावर उपदेश कमी होतील.

ऐक. फुफ्फुसांचं मला माहीत आहे. डॉक्टर दाराबाहेर हळू बोलतात, पण दार पातळ आहे. ह्यांना सांगू नकोस, गुपित पोटात ठेवल्याचं त्यांना फार समाधान आहे. लसीची भीती नव्हती गं. घेऊनही पुन्हा तसंच झालं तर या वेळी मन उभं राहायचं नाही, ही भीती होती. पण माझं आजारपण कुणाच्या उपयोगी पडेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. काल रुग्णालयात जाऊन नाव दिलं. आधी रक्त दिलं, मग लस घेतली, महिन्याने पुन्हा रक्त द्यायचं आहे. नर्सबाईंना विचारलं की माझ्या रक्ताची नळी सुनेकडे जाणार ना, तर म्हणाल्या की नाव नाही, नुसता आकडा जातो. असू दे. तू या वेळी पाणी ठेव म्हणजे झालं.

तुझी,
आई


१० डिसेंबर

ती. आईंस,
सा. न. वि. वि.

पाणी ठेवलं! बटणं गोळा झाली आणि काल तपासणीही झाली. बारीक खळग्यांची प्लास्टिकची ताटली असते. तळाशी बटणं चिकटवायची, वर रक्तातलं पाणी घालायचं. ओळख पटली तर खळगा निळा होतो. जितकी ओळख पक्की, तितका गडद.

लसीनंतरच्या रक्ताने बहुतेक खळगे गडद झाले. काही मात्र फिकेच राहिले. का, ते शोधणं हेच आता आमचं काम. तुमची नळी कुठली हे मला कळणार नाही आणि कळूही नये. म्हणून सगळ्या ताटलीकडेच मायेने बघत बसले. फिका खळगा दिसला की जीव थोडा खाली-वर होत होता. थंडीत बाहेर जपून जावं, ही विनंती.

सूनबाई


१८ डिसेंबर

चि. सूनबाईस आशीर्वाद,

माझा खळगा गडद असेल असं तुझे बाबा पैजेवर सांगतात. मी म्हणते, फिका असला तरी असू दे. मग तुला शोधायला एक कारण घरातलंच झालं. खोकला उतरला आहे. जिन्यावर अजून थांबते, पण भिंतीचा रंग खरंच उडालाय.

मशीनवरचं झाकण काढलं आहे. तुझा पांढरा कोट धुऊन पाठव. पिन लावून हिंडणारी सून मला चालायची नाही. बटण मी लावून देईन, आणि मी लावलेलं बटण बदलत नाही.

तुझी,
आई