आईंच्या स्वेटरची बाही

अहो,

आम्ही तिघी बोटीवर मजेत आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? गोळ्या घेताय ना?

इथे अठराच्या आतल्यांच्या मनगटावर निळा पट्टा बांधतात, मोठ्यांच्या लाल. निळ्याला नाचाच्या हॉलमध्ये सोडत नाहीत. आपल्या लेकीला अठराला महिनाच कमी, म्हणून आधी नुसती धुसफुसत होती. कालपासून एकदम गोगलगाय! माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली.

त्यात तुमच्या आई एवढ्या उकाड्यात स्वेटर काढेनात. आज जेवताना बाही सरकली, तर मनगटावर निळा पट्टा! म्हणाल्या, "मला शोभतो." लेकीचा पत्ता नाही.

मी हॉलकडे निघालेच आहे. पण खरं सांगा, तुम्ही सतरा वर्षांचे असताना आईंनी काय काय झाकलं होतं?

तुमचीच,
अजून तरी