चिमटा कुणीतरी बदललाय

३ जून, सोमवार. सकाळी ११
पहिली केमो. सलाइन डाव्या हाताला, म्हणून लिहिता येतंय. डॉक्टर म्हणाले, या औषधाने हातापायांच्या नसा बधिर होऊ शकतात, रोज व्यायाम केला तर ते टळू शकतं. दोन्हीकडे 'शकतं'. नोंद करून ठेवतो. 'घड्याळ चालू शकतं' असं सांगून मी चाळीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाला घरी पाठवलेलं नाही.
बोटं गेली तर दुकान गेलं, हे मला कुणी शिकवायला नको. पण माझी बोटं? केसाएवढा स्क्रू डोळे मिटून बसवतो मी.

दुपारी १
फिजिओथेरपीच्या बाई आल्या. वयाने माझ्या दुकानापेक्षा लहान. फोमच्या गादीवर एका पायावर उभं केलं. तीस सेकंद आरामात. मग डोळे मिटायला लावून, एक दुतोंडी काटा, ट्यूनिंग फोर्क म्हणे, टेबलावर आपटून पायाच्या अंगठ्याला टेकवला. थरथर जाणवते का? जाणवली. घरी न्यायला गादी, रबरी बॉल आणि खुणा करायला तक्ता. रोज वीस मिनिटं. बायको सारखी मान डोलावत होती. या दोघींची आधीची ओळख दिसते.

४ जून
संकल्प: रोज पहाटे सहा. उद्यापासून.

५ जून
सहाला उठलो. गादी गायब. बायको म्हणाली, कपाटावर तुम्हीच ठेवलीत. मी कशाला ठेवीन?

९ जून
बायको तक्ता मागत होती. अख्ख्या जूनच्या खुणा करून टाकल्या. मनाशी पक्का ठरवलेला व्यायाम झाल्यात जमा. संशय नको म्हणून दोन पेनं वापरली.

१७ जून
बायको स्वयंपाकघरात त्या गादीवर एका पायावर उभी. तिला कुठे केमो आहे? म्हणाली, नुसती पडून होती गादी. काहीतरी शिजतंय.

२४ जून
दुसरी केमो. बाई तक्ता बघून म्हणाल्या, काका, तीस तारखेपर्यंतचा व्यायाम आजच झालाय, छान. शाबासकी होती की टोमणा, कळायला मार्ग नाही. पुढे खुणा रोजच्या रोज करायच्या. खुणा.
काट्याची थरथर नीट लागली नाही. पण टेबलावर आपटल्याचा आवाज येतो, तेव्हा 'हो' म्हणायचं. काटा जुना असावा.

८ जुलै
बऱ्याच दिवसांनी दुकानात. हल्ली मेव्हणा बसतो. एकच स्क्रू तीनदा निसटला. चिमटा माझा नव्हेच, पकड नाही त्याला. मेव्हण्याला स्पष्ट विचारलं. तो म्हणाला, भावोजी, त्यावर तुम्हीच कोरलेली खूण आहे. खूण काय, कुणीही कोरू शकतं.

११ जुलै
शर्टाची काजं लहान झालीत. लाँड्रीवाल्यावर नजर ठेवायला हवी. शेवटी बायकोने बटणं लावली. मी न सांगताच. संशयास्पद.

१५ जुलै
तिसरी केमो. डॉक्टरांनी विचारलं, मुंग्या येतात? नाही म्हणालो. हो म्हटलं तर औषध कमी करतील, मग त्या आजाराला मोकळं रान.
उद्यापासून व्यायाम. नक्की.

२८ जुलै
बाजारातून आलो तर एका पायात चप्पल नाही. चालत्या माणसाच्या पायातून चप्पल काढतात आणि पत्ता लागू देत नाहीत! हल्लीचे चोर फार सफाईदार.

संध्याकाळी
शेजारच्या वहिनींनी चप्पल आणून दिली. आमच्याच जिन्यात होती म्हणे. चोराला पश्चात्ताप झाला असावा.

५ ऑगस्ट, सोमवार
चौथी केमो. पुन्हा काटा. डोळे मिटले. टेबलावर टक्. हो, म्हणालो. टक्. हो. टक्. हो, चांगली थरथर आहे.
डोळे उघडले. बाईंचे हात रिकामे. काटा बायकोच्या हातात, माझ्या पायापासून चार फुटांवर.
कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर भांडता आलं असतं.
मग सांगून टाकलं. दोन महिन्यांत गादीवर एकदाही पाय ठेवला नाही. मुंग्या येतात. चिमटा माझाच आहे. भीती वाटते, दुकान सोडून मला दुसरं काही येत नाही. बायको म्हणाली, अहो, मला चप्पल गेली तेव्हाच कळलं होतं.
बाई म्हणाल्या, डॉक्टरांना आत्ताच सांगते, औषधाचं ते बघतील. गेलेलं सगळं परत येईल असं सांगत नाही काका, पण उभे राहा.
उभा राहिलो, एका पायावर. शेजारी बायको, तीही एका पायावर. जरासुद्धा हलली नाही. बाईंच्या मोबाइलवर माझा विश्वास नाही, म्हणून माझ्याच हातातलं घड्याळ लावलं. मेमध्ये मीच उघडून साफ केलेलं.
अकरा सेकंद.
बायकोच्या खांद्याला धरून उभं राहत घड्याळ कानाला लावलं, मग भिंतीवरच्याशी ताडून पाहिलं. बरोबर चालतंय.