एक एप्रिलची आगगाडी

३१ मार्च १९९३, बुधवार

थाप लिहून झाली! पहिल्या पानावर, चार कॉलम — 'सेर्देइराची रेल्वे पुन्हा धावणार.' खाली माझं नाव, बेल्मिरो तावारेश, चांगलं ठळक. वर्षातून एकदाच मला मनापासून लिहायला मिळतं, कारण एकदाच खोटं लिहायची परवानगी असते. एरवी वर्षभर मयतांच्या बातम्या, नगरपालिकेची गटारं आणि बिशपसाहेबांचे दौरे.

फादर फिर्मिनोंनी मजकूर वाचला. 'एको' हा दर गुरुवारचा पेपर चर्चचा, त्यामुळे मालक आणि संपादक तेच. मी हमाल. चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "बेल्मिरो, हे पाप किरकोळातलं ना रे?" म्हटलं, "फादर, ते तुम्हीच सांगायचं." "मग किरकोळातलं," म्हणाले, आणि मंत्र्याच्या तोंडी मी घातलेल्या वाक्यात स्वतःच्या हाताने एक विशेषण वाढवलं!

'ज्या रुळांवर आज शेळ्या चरतात, तिथे येत्या जूनमध्ये शिट्टी घुमेल.' तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा डोळ्यांत पाणी आलं. स्वतःच थापा मारायच्या आणि स्वतःच रडायचं — असा लेखक जगात दुसरा नसेल.

१ एप्रिल, गुरुवार

कोणी फसलं नाही. एक माणूस नाही!

दुपारी बाराला रेडिओवरही वाचली. आमचा रेडिओ चर्चच्याच इमारतीत, पेपरच्या वरच्या मजल्यावर. जिना चढलो की मी वार्ताहराचा निवेदक होतो. आधी मयतांची नावं, मग माझी आगगाडी, मग फर्माईश. आवाज असा लावला होता की मंत्र्याने शिकवणी ठेवावी. लगेच फोन वाजला. पलीकडून एक आजीबाई: "गाडीचं राहू दे रे बाळा, माझं ते अकॉर्डियनचं गाणं कधी लावतोस?"

नंतर झुल्मिराच्या कॅफेत गेलो. कॅफे बंद स्टेशनाच्या अगदी समोर. गाडी बंद झाली तेव्हापासून बिचारी गिऱ्हाईक कमी आणि माश्या जास्त मोजते. मला बघून ओरडली, "एक लिस्बनचं तिकीट दे रे! परतीचं नको!" सगळे हसले आणि पुन्हा टीव्हीकडे वळले. पूर्वी दोन वाहिन्या होत्या, दोन्ही सरकारी, त्यामुळे लोक अधूनमधून पेपर तरी वाचायचे. आता दोन खाजगी आल्यात. कोपऱ्यातल्या टेबलावर 'एको' पसरून झुल्मिराने त्यावर खारवलेला कॉड मासा ठेवला होता. माझा मंत्री खाली मिठात मुरत होता.

२ एप्रिल, शुक्रवार

खुलासा पुढच्या अंकात द्यायचा, ही रीत. पण पुढच्या आठवड्यात पवित्र गुरुवार येतो, तेव्हा आमचा अंक नसतो. दोघांनाही आठवलं नव्हतं! फादर म्हणाले, "पंधरा तारखेला छापू. तोवर काय आभाळ कोसळणार आहे?"

परदेशचे गठ्ठे कालच पोस्टात गेले. फ्रान्स, स्वित्झर्लंड, लक्झेंबर्ग — आमचं अर्धं सेर्देइरा तिकडेच कामाला. त्यांच्या अंकाचा टपालखर्च सरकार भरतं. म्हणजे सरकारच्या नावाने मारलेली थाप सरकारच्याच खर्चाने युरोपभर चालली! मी खूप हसलो. मग एकदम हसू थांबलं. तिथे अंक पोचतो आठवड्याने. तेव्हा कुठला एक एप्रिल?

देओलिंदाला बोललो. बायको म्हणून तिने धीर द्यावा! म्हणाली, "तुमचं लिखाण कोण एवढं मनावर घेतंय?"

६ एप्रिल, मंगळवार

पहिलं गिऱ्हाईक! नगराध्यक्षांनी मला बाजारात बाजूला घेतलं आणि कुजबुजले, "बातमी आली कुठून तुमच्याकडे? आणि माझं नाव कसं नाही त्यात?" डिसेंबरात निवडणूक आहे. खरं सांगितलं असतं, पण ते ऐकायलाच थांबले नाहीत.

आनंद झाला. मग आठवलं की मागच्या वेळी मी यांनाच मत दिलं होतं.

८ एप्रिल, पवित्र गुरुवार

एव्हारिस्तोचा फोन. देओलिंदाचा धाकटा भाऊ. बायको ओतीलियासोबत लक्झेंबर्गला असतो, गवंडीकाम करतो, मिसरूड फुटायच्या आधी गेलेला.

"दाजी! वाचलं! पहिलं पान!" एवढा खुशीत त्याच्या लग्नातही नव्हता. "ऐका, मालकाला सांगून टाकलं, बास झालं. झुल्मिराचा कॅफे घेतोय. तिच्याशी बोललो पण. स्टेशनासमोर दाजी, आणि गाडी येणार!"

म्हटलं, "अरे एव्हारिस्तो —"

"ओतीलियाला बसवून अख्खी बातमी वाचून दाखवली. इतकी वर्षं परत यायचं नाव काढलं की पाठ फिरवायची, आता म्हणते चल! तिने पण काम सोडलं. ईस्टरला तिथे आहोत."

"अरे पण, ते जे मी लिहिलंय —"

"तुमच्या नावाखाली छापलंय म्हटल्यावर प्रश्नच मिटला!"

आणि मी, सत्याचा पाईक, काय बोललो? "रस्त्याने जपून या."

फोन ठेवला आणि घाबरून हिशेब मांडला. दोघांनी नोकऱ्या सोडल्या. साठवलेलं सगळं आता त्या मेलेल्या कॅफेत घालणार, माझ्या चार कॉलमांपायी. आणि खरं लिहितो, इथे कोण वाचतंय — त्या भीतीच्या आत कुठेतरी गुदगुल्याही झाल्या. माझं वाक्य वाचून माणसाने देश बदलला! चपलेने मारलं पाहिजे मला.

९ एप्रिल, गुड फ्रायडे

देओलिंदा: "सांगून टाका."

मी: "तुझा भाऊ आहे, तू सांग."

देओलिंदा: "थाप कोणाची?"

दिवसभर उपवास पाळला. भक्तीने नव्हे, घास उतरत नव्हता.

झुल्मिराला गाठलं. तिने दोन्ही हात जोडले. "बेल्मिरो, पाया पडते, तोंड उघडू नकोस. मला मुलीकडे पोर्तोला जायचंय. इतक्या वर्षांत पहिलं गिऱ्हाईक आलंय या जागेला."

११ एप्रिल, ईस्टर

आले. मोटारीच्या टपावर गादी, शिवणयंत्र, खुर्च्या. सुटीला येणारा माणूस शिवणयंत्र आणत नाही.

दुपारी फादर घरोघर क्रूस घेऊन फिरत आमच्याकडे आले. सगळे गुडघ्यावर. एव्हारिस्तोने क्रूसाचं चुंबन घेतलं आणि म्हणाला, "फादर, आपल्या आगगाडीलाही आशीर्वाद द्या." फादरांनी माझ्याकडे पाहिलं. मी फरशीकडे पाहिलं. मग त्यांनी पवित्र पाणी शिंपडलं, त्यातलं निम्मं माझ्या तोंडावर.

जेवताना एव्हारिस्तो अखंड बोलत होता. काउंटर कुठे, टेबलं कुठे, गाडीच्या वेळेला गरम सूप. कोकराच्या हाडाशी खेळत ओतीलियाने एवढंच विचारलं, "भावोजी, गाडी दिवसातून कितीदा?"

"दोनदा," मी म्हणालो. दोनदा! कोणी विचारलं होतं का एवढं ठाम बोलायला? वर आणखी म्हणालो, "रविवारी नाही." म्हणजे खोट्या गाडीला मी सुटीही देऊन टाकली. देओलिंदाने टेबलाखालून अशी लाथ मारली की अजून नडगी ठणकतेय.

१२ एप्रिल, सोमवार

टीव्हीवाले आले! लिस्बनहून, नव्या वाहिनीचे. नगराध्यक्षांनीच बोलावलेले. रुळांवरच्या शेळ्या हाकलल्या आणि ते मधोमध उभे राहिले. "माझ्या अथक पाठपुराव्यामुळे…"

मग माईक माझ्याकडे. म्हटलं, बेल्मिरो, हीच वेळ. अख्ख्या पोर्तुगालसमोर खरं बोल, सुटशील. केस विंचरले, देओलिंदाची पावडर लावली — मारेकऱ्याने कबुलीला जाताना अत्तर लावावं तसं. आणि बोललो! स्वच्छ बोललो. ही एक एप्रिलची थाप होती, मी लिहिली, कुठलीही रेल्वे येणार नाही.

संध्याकाळी सगळे झुल्मिराकडे टीव्हीसमोर. नगराध्यक्ष पोटभर दिसले. मग मी. तोंड हलतंय, आवाज नाही! वरून निवेदिका सांगतेय, 'स्थानिक पत्रकारांनीही समाधान व्यक्त केलं.' मी एवढा समाधानी कधीच दिसलो नव्हतो, ती पावडर.

एव्हारिस्तोने मला मिठी मारली. "दाजी, टीव्हीवर!"

१३ एप्रिल, मंगळवार

उद्या नोटरीकडे कॅफेच्या खरेदीच्या सह्या. आज सांगितलंच. त्याला स्टेशनच्या फलाटावर नेलं, गवतातल्या बाकावर बसवलं आणि डोळे मिटून बोलून टाकलं.

डोळे उघडले तर हा हसतोय!

"दाजी, मला माहितीये. लक्झेंबर्गला काय कॅलेंडरं नसतात? आणि देओलिंदाने तर एक तारखेलाच फोनवर हसत हसत वाचून दाखवली होती मला."

मग हे सगळं कशासाठी? तेव्हा त्याचं हसू गेलं. म्हणाला, दरवर्षी ऑगस्टमध्ये येतो, आणि परत जाताना सरहद्द ओलांडेपर्यंत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. ओतीलियाला म्हटलं गावी परत जाऊ, की ती विचारते, तिथे आहे काय? आणि खरंच काही नाही. "मग तुमचा पेपर आला. म्हटलं, निदान छापून तरी आलंय."

"आणि तिचं काय? तिची नोकरी, तिच्या मैत्रिणी?"

"रुळेल ती. तुम्ही तेवढा खुलासा छापू नका, दाजी. तिला कळलं तर उद्याच लक्झेंबर्गला परत निघेल."

म्हणजे मी कोणाला फसवलं? एक नगराध्यक्ष, एक वाहिनी आणि एक मी! पण हसू येत नाहीये. ती बाई माझ्या घरात झोपलीय, माझ्या थापेच्या भरवशावर. आधी तिला मी एकट्याने फसवलं होतं, आता आम्ही दोघं मिळून फसवतोय. देओलिंदाला सगळं ठाऊक होतं, तरी मला 'सांगून टाका' म्हणत राहिली; तिच्याशीही बोलणं टाळतोय. राग आलाय, आणि तो कोणावर काढावा कळत नाही.

१४ एप्रिल, बुधवार

सकाळी फादरांना म्हटलं, खुलासा राहू द्या. ते गंभीर झाले. "किरकोळ पाप पंधरा दिवस सांभाळलं की किरकोळ राहत नाही, बेल्मिरो." मग मी तो शेवटच्या पानावर टाकला, सगळ्यांत बारीक अक्षरात, ट्रॅक्टर दुरुस्ती आणि जनावरांच्या डॉक्टरच्या मध्ये.

अकराला नोटरी. दाराशी मी धीर करून म्हटलं, "वहिनी, एक मिनिट —" तिने माझ्या दंडावर हात ठेवला. "नंतर, भावोजी." आणि आत गेली.

एव्हारिस्तोने सही केली. तिने केली, सावकाश, एकेक अक्षर काढत. मग नोटरी म्हणाले, साक्षीदार? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. केली सही. दुसरं काय करणार होतो!

१५ एप्रिल, गुरुवार

अंक निघाला. सकाळीच जाऊन कॅफेच्या दारातला अंक उचलला आणि कोटात घातला. आपलाच पेपर चोरणारा वार्ताहर! आत सामान बांधणाऱ्या झुल्मिराने खिडकीतून पाहिलं आणि पडदा ओढून घेतला.

रेडिओवर खुलासा वाचायचा फादरांचा हुकूम. वाचला, मयत आणि फर्माईश यांच्या मधल्या फटीत, एका दमात, आणि शेवटच्या शब्दावर अकॉर्डियन चढवलं. त्या आजीबाईंचा फोन आला. आज पहिल्यांदाच खूश होत्या.

१७ एप्रिल, शनिवार

ओतीलिया ऑफिसात आली. हात ओले, कॅफे धुऊन आलेली. टेबलावर शेवटचं पान ठेवलं आणि बारीक अक्षरावर बोट.

"फादरांकडून आणलं," म्हणाली. मी उठून उभा राहिलो. वहिनी, मला माफ करा — एवढंच सुचलं.

"बसा हो भावोजी. ही थाप आहे ते मला लक्झेंबर्गलाच माहीत होतं. तिथल्या आपल्या गावच्या सगळ्या बायका हसत होत्या." मग दाराकडे बघून आवाज खाली आणला. "सकाळी त्याला शर्टाची बटणं लावता येत नाहीत. तिथल्या सिमेंटने बोटं गेलीत त्याची. मी लावते. विचारलं तर म्हणतो, थंडीने. हे पान माझ्या हाती लागलं, एवढं त्याला कळू देऊ नका. मला कळलंय असं समजलं, तर माझ्यासाठी म्हणून परत जाईल तो."