शेवटची ओव्हर कुणाला द्यायची

आबा, परवा सांगलीत आम्ही फायनल जिंकलो. तुम्ही गेल्याला इतकी वर्षं झाली, तरी मॅच संपली की कुणाला तरी सगळं सांगावंसं वाटतं, म्हणून लिहायला बसलेय.

कोयनानगरच्या कॉलनीतली ती फायनल मला अजून दिसते. तुम्ही फौजेतून नुकतेच परत आलेले, कॉलनीच्या टीमचे कॅप्टन. पाटणच्या टीमला शेवटच्या ओव्हरमध्ये आठ रन हवेत, आणि तुम्ही बॉल देताय पॉवरहाऊसमधल्या त्या फिरकी टाकणाऱ्या फिटरकाकांना. वेगवान बॉलर हात पुढं करून उभा. समोरचा गडी वेगावर खेळणारा, फिरकीवर चाचपडणारा, हे तुम्ही सकाळपासून बघितलेलं. शेवटच्या बॉलला चार हवे होते. तो चुकलाच, पण बॅटची कड लागून बॉल कीपरच्या डोक्यावरून सीमेपार गेला. "सुभेदाराचं डोस्कं फिरलंय," असं लोक तुमच्यादेखत बोलले. त्या संध्याकाळी तुम्ही काकांना ओढतच घरी आणलंत. आई चुलीपुढं भाकरी थापतेय, काका ताटाला हात लावत नाहीत, आणि तुम्ही म्हणताय, "गड्या, बॉल तू बरोबर टाकलास. मी बी बरोबर माणसाला दिला. कड लागली, त्याला कोण काय करणार? जेव." मला मात्र तुमचा रागच आला होता. हरून आलेला माणूस इतका शांत कसा, हे कळायचं माझं वय नव्हतं.

परवा कॅप्टन मी होते, आणि शेवटच्या ओव्हरमध्ये दहा रन वाचवायचे होते. मी बॉल दिला आमच्या ऑफस्पिनरला. कुंडलची पोरगी, कॉलेजात शिकते, घरचा ऊस बघते आणि सरावाला एसटीनं सातारला येते. पहिल्याच बॉलला सिक्स. तिचं तोंड एवढंसं झालं. मी जवळ जाऊन म्हटलं, "तोच बॉल टाक, मी फिल्डर मागं घेते." तिनं तोच टाकला, पुन्हा पुन्हा. शेवटच्या बॉलवर दोन रन हवे होते. बॅटरनं सरळ सणसणीत मारला. पोरीनं वाकून हात घातला, बॉल बोटाला चाटून तिच्या मागच्या स्टंपांवर आदळला आणि त्या टोकाची बॅटर क्रीजच्या बाहेर! रनआऊट. एका रननं जिंकलो.

"काय डोकं हाय बाईचं!" म्हणत लोक माझा हात हातात घेत होते. तुमच्या हिशेबात आणि माझ्या हिशेबात फरक एवढाच, की तुमचा बॉल कडेला लागला आणि माझा बोटाला. पोरगी मात्र कोपऱ्यात बोट चोळत बसलेली. म्हणाली, "ताई, चुकून लागलं वो. लागलं नसतं तर?"

"तर चौकार गेला असता. आणि पुढच्या मॅचला बॉल तुलाच दिला असता."

ती हसली. दुसऱ्या दिवशी सातारला सरावाला सगळ्यांच्या आधी आली होती, बोटाला पट्टी बांधून.

हे पत्र कुठं टाकायचं, ते मला ठाऊक नाही. पण एक सांगते. ती ओव्हर चालू असताना तुमची आठवण एकदाही आली नाही, आबा. फिल्डर कुठं उभे करायचे, एवढंच डोक्यात होतं. आठवण आली ती परतताना, कराडच्या स्टँडवर चहा पिताना, आणि मग काही केल्या हसू आवरेना.